घरच्या गॅरेजमध्ये विजेच्या मोटारीचा चार्जर बसवताना : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील घरांसाठी

घरी विजेची मोटार यायची ठरली की सगळ्यांचे लक्ष भिंतीवर बसणाऱ्या पेटीकडे जाते. ती कोणत्या कंपनीची, तिला मोबाइलचे अ‍ॅप आहे का, केबल किती लांब, याची चर्चा घरात आठवडाभर चालते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली बरीच घरे या कामासाठी पाहिल्यावर माझे मत मात्र असे झाले आहे की, पेटी हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. चार स्क्रू पिळले आणि तीन तारा जोडल्या की ती बसते. खरे काम आहे ते मीटरपासून पेटीपर्यंत येणाऱ्या तारेचे आणि अर्थिंगसाठी खोदायच्या खड्ड्याचे, आणि नेमके तेच सर्वांत घाईत उरकले जाते.

पुढील माहिती काम करवून घेणाऱ्या घरमालकासाठी आहे. प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावी. तरीही काय विचारायचे आणि काय मोजून दाखवायला सांगायचे हे मालकाला ठाऊक असले पाहिजे, कारण तार एकदा भिंतीत गेली आणि वरून गिलावा झाला की तिची जाडी कोणालाच दिसत नाही.

किती ताकदीचा चार्जर हवा

भिंतीवरच्या पेटीला आपण चार्जर म्हणतो, परंतु एसी विजेवर चालणाऱ्या घरगुती पेटीत बॅटरी भरण्याचे यंत्र नसते. घरात येणाऱ्या एसी विजेचे बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत रूपांतर करणारा खरा चार्जर मोटारीच्या पोटातच असतो. पेटी मोटारीला एवढेच सांगते की तुला इतके अँपिअर घेता येतील, आणि सर्व काही ठीक असेल तर वीज सोडते. त्यामुळे मोटारीतला चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल तर भिंतीवर ७.२ किलोवॉटची पेटी लावून एक मिनिटही वाचत नाही. टाटा टियागो ईव्हीसारखी मोटार ३.३ आणि ७.२ किलोवॉट अशा दोन्ही प्रकारांत विकली गेली आहे, म्हणून फक्त मोटारीच्या नावावरून अंदाज न बांधता आपल्या गाडीच्या कागदपत्रांत हा आकडा पाहून घ्यावा.

घरगुती पेट्यांचे प्रकार मोजके आहेत. १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारी साधारण ३.३ किलोवॉटची जोडणी, सिंगल फेजवर ३२ अँपिअर घेणारी ७.२ ते ७.४ किलोवॉटची पेटी आणि थ्री फेजवर चालणाऱ्या ११ व २२ किलोवॉटच्या पेट्या. मोटारीकडे जाणारे तोंड आपल्याकडे टाइप-२ पद्धतीचे असते.

आपले रोजचे फिरणे किती, यावरून निवड करावी. खानापूरहून बेळगावला कामासाठी येऊन परत जाणाऱ्याचे जाऊन-येऊन सुमारे ५० किलोमीटर होतात. लहान मोटारीला त्यासाठी ७ युनिटांच्या आसपास वीज लागते आणि ३.३ किलोवॉटच्या जोडणीवर ती अडीच तासांत भरून निघते. निपाणीहून रोज कोल्हापूर करणाऱ्याचे ८० किलोमीटर धरले तरी रात्री दहाला लावलेली मोटार दोन-अडीचच्या सुमारास पूर्ण होते. मोटार रात्रभर घरीच उभी राहणार असेल तर आपल्या भागातल्या बहुतेक घरांना ३.३ किलोवॉट पुरतात, असे मी स्पष्टपणे सांगतो. घरात दोन मोटारी असतील, किंवा दुपारी येऊन संध्याकाळी पुन्हा लांब जावे लागत असेल, तरच ७.२ ची पेटी घ्यावी. तार मात्र आजच ७.२ ला पुरेल अशी ओढून ठेवावी. पेटी पुढे केव्हाही बदलता येते, भिंत पुन्हा फोडायला कोणालाच आवडत नाही.

वीजबिल आणि मंजूर भार

आपल्या भागात वीजपुरवठा हेस्कॉमचा आहे, जरी जुनी माणसे अजूनही तिला केईबीच म्हणतात. बिलावर आर. आर. नंबर, म्हणजे जोडणीचा क्रमांक, असतो आणि मंजूर भार, म्हणजे एका वेळी घेता येणाऱ्या विजेची मर्यादा, किलोवॉटमध्ये छापलेला असतो. हा आकडा बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो. जुन्या घरांत तो एक, दोन किंवा तीन किलोवॉट एवढाच आढळतो, आणि घरात त्यानंतर गिझर, पंप, वॉशिंग मशीन आणि एखादा एसी येऊन बसलेला असतो.

एका कागदावर बेरीज करावी. गिझर २ किलोवॉट, एक एचपीचा पंप पाऊण किलोवॉट, इस्त्री एक किलोवॉट, इतकीच उपकरणे एका वेळी चालली तरी पावणेचार होतात. त्यात ७.२ किलोवॉटची पेटी मिळवली की आकडा अकराच्या घरात जातो. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांपासून घरी आहे त्याच जोडणीवर आपली मोटार चार्ज करण्याची मुभा आहे, परंतु याचा अर्थ मंजूर भाराच्या पलीकडे वीज ओढण्याची मुभा आहे असा नाही. भार वाढवून घेण्याचा अर्ज चार्जर बसवण्यापूर्वी आपल्या सेक्शन ऑफिसात द्यावा. सोबत परवानाधारक कंत्राटदाराचे कागद लागतात आणि वाढीव भारासाठी अनामत भरावी लागते. सिंगल फेजवर किती भार मंजूर होईल आणि थ्री फेज घ्यावे लागेल का, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे, कारण त्यावर पुढची तार, मेन स्विच आणि डीबी (घरातले सगळे स्विच एकत्र बसवलेला बोर्ड) हे सगळे ठरते. अर्जाचा नमुना कन्नडमध्ये असतो. तो नीट न वाचता सही करण्यापेक्षा कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याला किंवा घरातल्या शाळकरी मुलीला शेजारी बसवून प्रत्येक रकाना समजून घ्यावा.

येथे गृहज्योती योजनेचा हिशेब करणे आवश्यक आहे. २०२३ पासून कर्नाटकात घरगुती ग्राहकाला २०० युनिटांच्या आत, त्याच्या स्वतःच्या आधीच्या सरासरीवर दहा टक्के वाढ धरून, वीज मोफत मिळते. २०० युनिटांच्या वर वापर गेला की त्या महिन्याचे सगळे बिल भरावे लागते. वर सांगितलेल्या खानापूरकराची मोटार महिन्याला २५ दिवस धावली तर तिलाच १७५ ते १९० युनिटे लागतात. म्हणजे घरातले दिवे आणि फ्रीज धरून २०० चा आकडा ओलांडला जाणार हे निश्चित आहे. ज्यांचे बिल आजवर शून्य येत होते त्यांनी पेट्रोलची बचत मोजताना ही रक्कम धरलीच पाहिजे. दुसरा मार्ग स्वतंत्र मीटरचा आहे. २०२४ साली केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चार्ज करण्यासाठी ग्राहकाला वेगळी जोडणी मागता येते. कर्नाटकात वाहन चार्जिंगची वेगळी दरश्रेणीही आहे. ती आपल्या घरच्या जोडणीला कोणत्या दराने लागू होईल आणि स्थिर आकार किती पडेल, हे ऑफिसातून लेखी घेऊन मगच दोन मार्गांची तुलना करावी.

मळ्यात घर असलेल्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. विहिरीवरच्या १० एचपीपर्यंतच्या पंपसेटला राज्यात मोफत वीज मिळते. त्या जोडणीवरून मोटार भरणे सोपे वाटते, पण मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कामासाठी वीज वापरणे हा २००३ च्या वीज कायद्यातील कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी भरताना वर्षभराची बचत निघून जाते. शिवाय पंपाच्या फीडरवर थ्री फेज ठराविक तासच असते आणि व्होल्टेज सारखे वरखाली होते. मोटारीच्या आतल्या महागड्या चार्जरला ते सोसत नाही.

जागा निवडताना

मोटार रोज जशी उभी राहते तशी उभी करून, तिचे चार्जिंगचे तोंड कोठे येते ते पाहून मग भिंतीवर खडूने खूण करावी. काही मोटारींचे तोंड पुढे बॉनेटजवळ, काहींचे मागच्या चाकाच्या वर असते. केबल ताणली जाऊ नये, पायात येऊ नये आणि मोटारीच्या वरून ओढावी लागू नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २०१९ साली वाहन चार्जिंगसाठी जी भर पडली, तिच्यात सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे, मोटारीचे तोंड चार्जिंगच्या जागेपासून ५ मीटरच्या आत यावे आणि जोड-वायर अर्थात एक्स्टेंशन वापरू नये, असे सांगितले आहे. हे नियम चार्जिंग स्टेशनांसाठी लिहिले असले तरी घरीही तेच पाळावेत. उंचीबाबत मी सव्वा मीटर सुचवतो. पावसाळ्यात अंगणातले पाणी आत आले तरी पेटीला ओल लागत नाही आणि लहान मुलाचा हात सहज पोहोचत नाही.

आपल्याकडे गॅरेज म्हणून बांधलेली खोली क्वचित असते. टिळकवाडीतल्या बंगल्याला पोर्च असतो, शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत पुढच्या सोप्याचा दरवाजा रुंद करून मोटार आत घेतात, आणि खानापूर बाजूला जनावरे कमी झाल्यावर रिकामा झालेला गोठाच मोटारीला मिळतो. गोठ्याच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या असतील तर एक काळजी घ्यावी. चिरा सच्छिद्र असतो. त्यात ड्रिल मारून प्लॅस्टिकचे गट्टू ठोकले तर पहिल्या पावसाळ्यात ते ढिले होतात आणि केबल रोज ओढली जाऊन पेटी पुढे झुकते. अशा भिंतीवर आधी जाड फळी किंवा लोखंडी पत्रा लांब बोल्टने, शक्य तर आरपार, घट्ट बसवावा आणि पेटी त्याच्यावर लावावी. कौलांतून गळणारी जागा पेटीच्या बरोबर वर नाही ना, हे पावसाच्या एका सरीत उभे राहून पाहावे.

गोठ्याच्या माळ्यावर कडबा, पिंजर, निपाणीकडे तंबाखूचे बोद, खानापूरकडे काजूची पोती ठेवण्याची सवय असते. चार्जर लावायचा तर हा माल दुसरीकडे हलवावा. पेट्रोलचे कॅन आणि गॅसचे जादा सिलिंडरही तेथे नकोत.

तार, एमसीबी आणि आरसीसीबी

आमच्या घरी मोटार आली तेव्हा पहिले तीन महिने मी ती सोबत आलेल्या पोर्टेबल केबलने, वॉशिंग मशीनसाठी काढलेल्या जुन्या सॉकेटवर लावत होतो. एका रात्री पडवीत जळक्या बॅकेलाइटचा वास आला. जाऊन पाहिले तर प्लगची एक पितळी पिन काळी पडली होती, तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक मेणासारखे वाकले होते आणि सॉकेटच्या आतली पकड ढिली होऊन पसरली होती. एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, पडला नव्हता, आणि पडण्याचे कारणही नव्हते, कारण प्रवाह मर्यादेतच होता. ढिल्या सांध्याचा रोध एक दशांश ओहम एवढा जरी झाला तरी १५ अँपिअरला तेथे सुमारे २२ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे जवळपास एका सोल्डरिंग आयर्नएवढी, आणि तीही सलग सात-आठ तास. इस्त्री किंवा मिक्सर काही मिनिटे चालतात म्हणून असा सांधा वर्षानुवर्षे निभावून जातो. मोटार तो एका ऋतूत उघडा पाडते.

म्हणून चार्जरसाठी मीटरजवळच्या मेनपासून वेगळी, मध्ये कोठेही जोड नसलेली तार ओढावी. तिच्यावर दिवा, पंखा, पंप काहीही घेऊ नये. तार तांब्याचीच हवी. १६ अँपिअरच्या जोडणीला ४ चौरस मिलिमीटर आणि ३२ अँपिअरच्या पेटीला किमान ६ चौरस मिलिमीटर, हे माझे प्रमाण आहे. अंतर वाढले की जाडी वाढवावी लागते. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ३२ अँपिअरला २० मीटर अंतरावर सुमारे ४ व्होल्ट गळतात, ४० मीटरवर ८. रस्त्यालगत मीटर आणि परसात गोठा, अशी मांडणी असलेल्या घरांत ४० मीटर सहज भरतात. तेथे १० चौरस मिलिमीटरची तार घ्यावी, म्हणजे गळती ५ व्होल्टांच्या आत राहते. अंगणातून जमिनीखालून न्यायची असेल तर आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल वापरावी, अर्ध्या मीटरपेक्षा खोल पुरावी आणि वर विटांचा थर द्यावा. घुशींनी साधी पाइपलाइन पोखरलेली मी पाहिली आहे.

३२ अँपिअरच्या पेटीला ४० अँपिअरचा, सी प्रकारचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा एमसीबी लावतात. याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, आणि तो कोणत्या प्रकारचा आहे हे येथे फार महत्त्वाचे आहे. दुकानात न विचारता जो मिळतो तो बहुधा एसी टाइपचा असतो. मोटारीच्या चार्जरमध्ये डीसी असल्याने गळतीचा प्रवाहही पूर्णपणे एसी नसतो आणि एसी टाइपचा आरसीसीबी अशा गळतीला ओळखेलच असे नाही. पेटीच्या माहितीपत्रकात ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय दिली असेल तर ए टाइपचा पुरतो, दिली नसेल तर बी टाइपचा घ्यावा लागतो. बी टाइप महाग असतो आणि बेळगावात तो आगाऊ सांगून मागवावा लागण्याची शक्यता असते, म्हणून पेटी घेतानाच ही सोय पाहिलेली बरी. घरात आधीपासून आरसीसीबी असेल तर चार्जरची तार त्याच्या अलीकडून, म्हणजे मेनच्या बाजूने काढावी, नाहीतर डीसी गळतीने तो जुना आरसीसीबीही बधिर होतो.

एप्रिल-मेमध्ये वळवाच्या विजा आपल्याकडे कशा कडाडतात हे सांगायला नको. मेन डीबीत टाइप-२ चे सर्ज प्रोटेक्शन उपकरण (अचानक वाढलेला दाब जमिनीत सोडणारे) लावावे. थ्री फेज घरात न्यूट्रल सुटला तर सिंगल फेजच्या उपकरणांवर ४०० व्होल्टांपर्यंत दाब येऊ शकतो. त्यामुळे पेटीत जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारी सोय आहे का ते पाहावे, नसेल तर तसा रिले वेगळा बसवावा. इन्व्हर्टरवर घेतलेल्या सर्किटमध्ये चार्जर कधीही टाकू नये.

अर्थिंग

या एका भागासाठी सगळा लेख लिहिला असे म्हटले तरी चालेल. मोटार रबरी चाकांवर उभी असते आणि तिचे सगळे अंग पत्र्याचे असते. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून दाराला हात लावणारा माणूस आणि विजेचा झटका यांच्यामध्ये अर्थिंगची तार आणि आरसीसीबी या दोनच गोष्टी असतात.

कित्येक वायरमन असे सांगतात की अर्थिंग चांगले असले की आरसीसीबीची गरज नाही, फॉल्ट झाला तर एमसीबी पडेल. हे गणिताने खोटे ठरते. अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे, म्हणजे घरगुती मानाने चांगला आहे असे धरू. फेज मोटारीच्या अंगाला लागला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. ४० अँपिअरचा एमसीबी ४५ अँपिअर तासभर न पडता वाहून नेण्यासाठीच बनवलेला असतो, ४६ ला तो लवकर पडेल याची काहीही खात्री नाही, आणि तोपर्यंत मोटारीच्या पत्र्यावर जीवघेणा दाब राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र तत्क्षणी पडतो. उलट, आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंगकडे दुर्लक्ष करणेही चुकीचे, कारण गळती वाहून जायला वाट असावी लागते आणि चांगली पेटी अर्थिंग सापडले नाही तर चार्जिंग सुरूच करत नाही.

पेटी अशी अडून बसली की काही कारागीर एक जीवघेणी युक्ती करतात. ते पेटीच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या एका तुकड्याने जोडतात. पेटीला अर्थ सापडल्यासारखे वाटते, दिवा हिरवा होतो, मालक खूश होतो. त्यानंतर खांबावरचा न्यूट्रल कधी तुटला तर सगळी मोटार २३० व्होल्टांवर जाते. काम संपल्यावर पेटीचे झाकण उघडायला लावून असा तुकडा नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. याबाबतीत भीड बाळगू नये.

आता खड्ड्याविषयी. खानापूर, जांबोटी आणि बेळगावच्या पश्चिमेकडची जमीन जांभ्याची आहे. जांभा पाणी धरून ठेवत नाही. ऑगस्टमध्ये चिखलाने पाय रुततो आणि मार्च संपता संपता तीच जमीन कोरडी ठणठणीत होते. निपाणी, चिकोडी, अथणीकडची काळी माती वीज वाहून नेण्यास कितीतरी बरी, पण उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते आणि पाइपभोवती फट पडते. दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघतो : पावसाळ्यात मोजलेला अर्थिंगचा आकडा खरा मानू नये.

भारतीय मानक ३०४३ प्रमाणे पाइपचे अर्थिंग करताना लोखंडी जीआय पाइप किमान अडीच मीटर लांब घेतात, आणि खड्डा इमारतीच्या पायापासून किमान दीड मीटर दूर ठेवतात. काळ्या मातीत एक पाइप बहुधा पुरतो. जांभ्यात मी एकाऐवजी दोन इलेक्ट्रोड, म्हणजे जमिनीत पुरायचे पाइप, त्यांच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर, घालायला सांगतो आणि दोन्ही एकमेकांना जोडून घेतो. मीठ-कोळशाची जुनी पद्धत स्वस्त आहे, परंतु आपल्या पावसात मीठ तीन-चार वर्षांत धुऊन जाते आणि जाण्यापूर्वी पाइप खाऊन टाकते. बेंटोनाइटची (एक प्रकारच्या चिकणमातीची) भर थोडी महाग पडते, पण ओल धरून ठेवते. खड्ड्यावर झाकण असलेली चौकट बांधून घ्यावी आणि उन्हाळ्यात नरसाळ्यातून आठवड्याला दोन बादल्या पाणी घालावे. बाथरूमचे किंवा भांडी घासण्याचे पाणी वाहते त्या बाजूला खड्डा घेतला तर हे काम आपोआप होते. आमच्या थोरल्या काकांनी परसातल्या मोरीजवळ खड्डा घ्यायला लावला तेव्हा मला ते जुनाट वाटले होते. नंतर मोजले, तर त्यांचा आकडा आमच्या अंगणातल्या खड्ड्याच्या निम्म्याने कमी निघाला.

खड्ड्यापासून पेटीपर्यंत येणारी हिरवी तार फेजच्या तारेइतकीच जाड, म्हणजे ६ ला ६ आणि १० ला १० चौरस मिलिमीटर असावी. नवा खड्डा आणि घराचे जुने अर्थिंग एकाच पट्टीवर जोडावे. मोटारीचे अंग आणि शेजारच्या पंपाचे अंग वेगवेगळ्या अर्थिंगवर राहिले तर फॉल्टच्या वेळी दोन्हींना एकदम हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. नळाच्या पाइपला अर्थ जोडण्याचा काळ गेला, कारण आता ते पाइप प्लॅस्टिकचे आहेत.

मोजमाप अर्थ टेस्टरनेच करावे. बल्ब लावून तो उजळ पेटला म्हणजे अर्थिंग झाले, ही परीक्षा नव्हे. १०० वॉटच्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही, तो भिकार अर्थिंगवरही पेटतो. टेस्टरवर ५ ओहमच्या आत आकडा यावा. त्यानंतर मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब पाहावा. चार्जिंग चालू असताना तो दोन-तीन व्होल्टांच्या आत असेल तर ठीक. आठ-दहा दिसले तर दोष अर्थिंगचा नसून न्यूट्रलच्या एखाद्या सैल सांध्याचा असण्याची शक्यता जास्त, आणि तो सांधा बऱ्याचदा मीटरच्या अलीकडे, खांबावर असतो. तेव्हा लाइनमनला बोलवावे, स्वतः शिडी लावू नये.

जोडणीनंतर

पेटीत तार वरून किंवा बाजूने कधीही घेऊ नये. खालून, ग्लँड (तार घट्ट धरून भोक बंद करणारे बूच) लावून घ्यावी, आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकणारा वळसा द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडते. उघड्या पोर्चमध्ये पेटी धूळ-पाणी रोखण्यात आयपी ५४ किंवा त्याहून वरच्या दर्जाची असावी. पाइपची तोंडे सीलंटने बुजवावीत. काळ्या मुंग्या आणि पाली डीबीत शिरून संपर्क बिघडवतात हे आपल्या भागातले नेहमीचे दुखणे आहे.

पहिल्यांदा मोटार लावाल तेव्हा तास-दीड तास तिथेच बसावे. चार्जिंग सुरू करण्यापूर्वी पेटीजवळचे व्होल्टेज लिहावे आणि पूर्ण भारावर पुन्हा लिहावे. २३२ चे २२६ झाले तर काही हरकत नाही. २१० पर्यंत खाली आले तर आपली तार, सर्व्हिस वायर किंवा वाडीचा ट्रान्सफॉर्मर यांपैकी काहीतरी अपुरे आहे. ते दुरुस्त होईपर्यंत अ‍ॅपवरून प्रवाह ३२ चा १६ अँपिअरवर आणून ठेवावा. तासाभराने एमसीबी, आरसीसीबी आणि पेटीखालची तार यांना बाहेरून हाताचा पालथा भाग लावून पाहावा. कोमट लागले तर चालेल, चटका बसत असेल तर मेन बंद करून वायरमनला बोलवावे. तांब्याची नवी तार स्क्रूखाली दबून थोडी सैल होते, त्यामुळे पंधरा दिवसांनी सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्यावेत. हे पंधरा दिवसांनंतरचे येणे मजुरीतच धरलेले असावे, असे आधी ठरवावे.

चार्जिंगची वेळ रात्री अकरानंतरची लावून ठेवावी. तेव्हा घरातला गिझर आणि पंप बंद असतात, व्होल्टेजही स्थिर असते. आरसीसीबीचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे आणि तो पडतो ना हे पाहावे. मोटारीच्या तोंडात आणि केबलच्या तोंडात धूळ साचते, ती मेन बंद करून कोरड्या ब्रशने काढावी, ओल्या फडक्याने पुसू नये. केबल फरशीवर न टाकता भिंतीवरच्या आकड्याला गुंडाळून ठेवावी.

अर्थिंगचा आकडा दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, वळीव पडण्यापूर्वी, खड्ड्यात पाणी न घालता मोजून घ्यावा आणि तारखेसह डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहावा, म्हणजे पुढच्या वर्षी येणारा वायरमन वेगळा असला तरी त्याला आकडा वाढला की नाही हे झाकण उघडताच दिसेल.